सर्व जण आत परतले

बाब ३१ : सर्व जण आत परतले. — पूर्ण

दाबकोठीतली हवा अजून पुरती उपसलीही गेली नव्हती. बाहेरचं दार उघडायला चार मिनिटं होती. तेवढ्यात सुगंधा खोतने भिंतीवरच्या तळपाटीला पंजा टेकवला आणि यादीतल्या सगळ्यात शेवटच्या ओळीपुढे हिरवी खूण उमटवली.

ही तिचीच रीत. चंद्राच्या दक्षिण टोकावरच्या शीतकुंड वसाहतीत ती सहा वर्षांपूर्वी आली, पहिल्या फेरीला निघाली, आणि तो शेवटचा रिकामा चौकोन तिला बघवेना. घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणतं का? ‘येतो’ म्हणायचं. अजून पायरी उतरलेली नसते, तरी येतोच म्हणायचं. तसा तिने तो चौकोन भरून टाकला आणि मग बाहेर पाऊल ठेवलं. हातमोज्याच्या अस्तरात प्रत्येकाच्या तळव्याची ओळख विणलेली असे, त्यामुळे पंजा टेकवायला क्षणसुद्धा लागत नसे. पुढे तपासणी पथकातल्या सगळ्यांनाच ती सवय लागली. पथकातली बहुतेक माणसं कोल्हापूर-मिरजेकडच्या ओतशाळांतून आलेली. त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

“झालं का येते म्हणून?” इलियास मुजावरने विचारलं. तो तिचा जोडीदार. मिरजेचा, वयाने पंधरा वर्षांनी धाकटा आणि तोंडाने तिखट.

“झालं.”

“मग चला. दहा दिवसांनी लेक उठली की तुम्ही कुठल्या बाहेर पडताय! आमचा चहासुद्धा बंद होणार.”

दार उघडलं.

बाबी १ ते १३ — पूर्ण

गाडी हळू चालली होती. सूर्य क्षितिजालाच घासत फिरत होता आणि डोंगरकड्याची सावली मैलभर लांब पडली होती.

निघून दहा मिनिटं झाली नाहीत तोच इलियासच्या छातीवरचे आकडे विझले. नाडी, तापमान, वायू, सगळं. मग सुगंधाचे. कुणी दचकलं नाही. बाहेर पडलं की पोशाखातले संवेदक बंद पडतात, विश्वकिरणांचा मारा सोसत नाही त्यांना, हे शीतकुंडात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी नवी यादी सुरू झाली की ते आपोआप बोलू लागत. वायूचा काटा तेवढा मनगटावर होता, बिचारा साधा यांत्रिक, तो कधी बंद पडला नाही.

सुगंधा मुख्य निरीक्षक होती. शिरोलीच्या एका ओतशाळेत तिने अठरा वर्षं ओतकाम तपासलं होतं. मागच्या वर्षी तिच्या आधीचे मुख्य निरीक्षक दत्तोबा मगदूम जेवता जेवता गेले, तेव्हा ही जबाबदारी तिच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर पंधरवड्याचं काम. कारण दत्तोबांच्या मृत्यूची नोंद झाल्या मिनिटाला त्यांनी पूर्ण केलेल्या चौऱ्याण्णव बाबी एकदम उघड्या पडल्या होत्या. सगळ्या नव्याने तपासाव्या लागल्या. इलियास अजून सांगे, म्हातारा जाताना आपल्याला कामाला लावून गेला.

चौदाव्या बाबीकडे जाणारी वळणं तिला पाठ होती. तिथे निद्रादालन होतं. पृथ्वीवरून दीर्घनिद्रेत आलेली अडतीस माणसं तिथे पेट्यांमध्ये निजली होती आणि त्यांची जागवणूक सुरू होती. एकोणिसाव्या पेटीत तिची लेक केतकी होती. सुगंधा निघाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आता एकोणीस. काचेतून बघितलं तेव्हा सुगंधाला आधी ती ओळखूच आली नव्हती. नंतर तिचा अंगठा दिसला, मुठीत दाबून धरलेला. निजताना ती लहानपणापासून तसाच धरायची.

बाब १४ : निद्रादालन, पूर्वेचा सांधा. — पूर्ण

“अक्का,” इलियास म्हणाला, “सांध्याला मिशी फुटलीया.”

सांध्यावर पांढरी, बारीक, कापसाच्या तंतूसारखी रेघ होती. आतली हवा चिरेतून बाहेर येत होती आणि सावलीतल्या थंडीत जागच्या जागी गोठत होती. वीतभर असेल.

सुगंधाने लोखंडी कांब सांध्याला लावली, दुसरं टोक शिरस्त्राणाला टेकवलं आणि हातोडीने हलकेच ठोका दिला. निर्वातात आवाज चालत नाही, पण कांबीतून चालतो. धड ओतकाम घंटेसारखं वाजतं. हे फुटक्या मडक्यासारखं वाजलं. काल इथेच, याच हातोडीने घंटा वाजली होती. काल तिने खूण केली ती खोटी नव्हती.

मग तिने वर पाहिलं. सांध्यावरची ऊनझडप फाटून लोंबत होती. पलीकडे उन्हाची कडा जमिनीवरून सरकत येत होती, गोगलगाईच्या चालीने, पण थेट इकडेच. थंडीत आक्रसलेल्या चिरलेल्या धातूवर ते ऊन पडलं की तो एका बाजूने फुगणार आणि सांधा उसवणार.

तिने आत आवाज दिला. नियंत्रण-मेजावर डॉ. हेरंब गुळवणी होते. तपासणीची सगळी प्रणाली, जिला सगळे ‘साक्षी’ म्हणत, त्यांनीच रचली होती.

“सर, चौदाच्या दालनातला दाब सांगा.”

“साक्षी म्हणते, ठीक आहे.”

“साक्षीला नका विचारू. आकडा सांगा.”

पलीकडे बटणं दाबल्याचे आवाज आले.

“आकडा नाही,” गुळवणी म्हणाले. “सहाही दाब-संवेदक मौनात आहेत. सकाळपासून.”

“आणि तुम्ही?”

“किरणांचा मारा असेल असं वाटलं. रोज कुठले ना कुठले असतातच.”

साक्षीचं तत्त्व सरळ होतं. पहिल्या वर्षी किरणांनी भ्रमिष्ट झालेल्या एका संवेदकाने नसलेली गळती कळवली, आपत्कालीन दार मिटलं, आणि दारात तीन माणसं गेली. त्यांत गुळवणींचा धाकटा भाऊ होता. तेव्हापासून त्यांनी यंत्रापेक्षा माणसाच्या डोळ्याला मोठं मानलं. माणसाने स्वतः पाहून बाब पूर्ण म्हटली की ती पूर्ण. फेरीची शेवटची ओळ तेवढी त्या दिवसापुरती असे, बाकीची खूण तिथली पुढची खूण उतरेपर्यंत टिके. त्याच्या उलट बोलणारा संवेदक सदोष ठरे आणि तीनदा उलट बोलला की मौनात जाई. पूर्ण झालेली बाब पुन्हा उघडायची तर ती ज्याने केली त्यानेच, त्याच जागी जाऊन, तळपाटीवर पंजा ठेवून. मेजावरून कुणा साहेबाला फिरवता येऊ नये म्हणून. गुळवणी स्वतः आजवर कुठल्याही बाबीला शिवले नव्हते. रचणाऱ्याने साक्ष देऊ नये, असा त्यांचा नेम होता. पथकात त्यांना मागे ‘सोवळेबुवा’ म्हणत.

म्हणजे सहाही संवेदक सकाळपासून खरं बोलले होते. सुगंधाच्या कालच्या खुणेने त्यांची तोंडं बंद केली होती.

“बाब उघडा,” गुळवणी म्हणाले. “उघडली की पेट्यांची झाकणं मिटतील, आतला राखीव वायू सुरू होईल. लगेच. सुगंधाबाई, ऊन किती लांब आहे?”

इलियासने पावलं मोजली. त्यावरून गुळवणींनी हिशेब मांडला. बावीस मिनिटं.

बाब १४ — पूर्ण

तळपाटी सांध्यापासून हातभर अंतरावर होती. सहा वर्षांत सुगंधाने बाहेरच्या तळपाटीला कधी हात लावला नव्हता. रोजच्या खुणा मनगटपाटीवर व्हायच्या आणि आत परतल्यावर साक्षीत उतरायच्या. बाहेरच्या पाट्या फक्त झालेलं उघडायला होत्या, आणि तिने केलेलं कधी उघडावं लागलं नव्हतं. तिला त्याचा अभिमान होता.

तिने पंजा टेकवला. पाटीवर अक्षरं आली.

*निरीक्षक सुगंधा खोत आत आहेत. ही तळपाटी सदोष असावी. विसंगती : एक.*

तिने पंजा उचलला, हातमोजा मांडीवर पुसला, पुन्हा टेकवला.

*निरीक्षक सुगंधा खोत आत आहेत. ही तळपाटी सदोष असावी. विसंगती : दोन.*

“तिसऱ्यांदा नको!” गुळवणी ओरडले. “तिसऱ्यांदा ती कायमची मौनात जाईल. सुगंधाबाई, तुम्ही बाहेर असताना साक्षी तुम्हाला आत का समजते?”

सुगंधाने हातमोजा पाटीपासून दूर घेतला. ती इलियासकडे बघत होती. इलियास आपल्या छातीवरच्या विझलेल्या आकड्यांकडे.

“किरण नव्हते ते,” तो म्हणाला. “अक्का, ते किरण कधीच नव्हते. आपण परत आलोय म्हटल्यावर आपला पोशाख बाहेरून कसा काय बोलेल?”

बाब ३१ — पूर्ण

ती पुन्हा उघडायची तर दाबकोठीत जावं लागणार होतं. आत परतल्याची साक्ष आतूनच देता येते. दाबकोठी गाडीने चाळीस मिनिटांवर होती.

बाब १४ — पूर्ण

हातात होत्या त्या मिनिटांत जे करण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी केलं.

इलियासने भरणलेपाची नळी चिरेत रिकामी केली. लेप जमायला अर्धा तास ऊब लागते. तो थंडीत दगडासारखा होऊन सांध्यावरून निसटला, सगळाच्या सगळा, पापुद्र्यासारखा. त्याने फाटकी ऊनझडप ओढून ताणायला बघितली. तिचा दुसरा तुकडाही त्याच्या हातात आला. मग तो स्वतःच सांध्यासमोर हात पसरून उभा राहिला, आपली सावली पाडायला. सुगंधाने त्याला बाजूला केलं. दहा हात लांबीचा सांधा होता.

आतून गुळवणींनी दोन परिचारकांना निद्रादालनात पळवलं होतं. त्यांनी पहिल्या पेटीचं झाकण हाताने ओढून पाहिलं. झाकण यंत्राच्या दातांत अडकलेलं, दोघं त्याला लोंबकळले तरी रेसभर हललं नाही. माणसांना उचलून बाहेर काढावं तर जागवणूक अर्ध्यावर होती. रक्त अजून यंत्रातून फिरत होतं. नळी सुटली की खेळ संपला, आणि झाकण मिटल्याशिवाय पेटीही जागची सुटत नव्हती.

“सुगंधाबाई,” गुळवणींचा आवाज उतरला होता, “मी मेजावरून तीनदा आज्ञा दिली. ती म्हणते, दालन धड आहे.”

“तिला काय म्हणायचं. माझंच म्हणणं म्हणतीय ती.”

पांढरी मिशी आता दोन वितींची झाली होती. ऊन दोन गाड्यांच्या लांबीवर आलं होतं. सुगंधा सांध्याला टेकली. या पत्र्याच्या पलीकडे, सरळ रेषेत, बारा पावलांवर एकोणिसावी पेटी होती. तिने हातोडी उगाच एकदा भिंतीवर ठोकली. जसं कुणी दारावर ठोकतं.

मग ती बोलली, आणि तिचा आवाज अगदी रोजचा होता.

“सर, दत्तोबा गेले तेव्हा काय झालं होतं?”

“आत्ता ते कशाला—”

“सांगा.”

“त्यांच्या चौऱ्याण्णव बाबी उघडल्या. मेलेल्या माणसाला पुन्हा विचारता येत नाही. म्हणून त्याची साक्ष...”

“मग मला मेलेली लिहा.”

“अक्का, वंगाळ बोलू नका,” इलियास म्हणाला.

“तू गप. सर, मृत्यूची साक्ष कुणीही मोठ्या माणसाने दिली तरी चालते ना? दत्तोबांची मीच दिली होती, रुग्णकक्षातल्या पाटीवर. तो कक्ष तुमच्या मेजाला लागून आहे. साक्षीच्या मते मी आतच आहे. आत मेले म्हणा. ती मानेल.”

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हणजे ते उठले होते. पण पावलं वाजली नाहीत.

“तुम्हाला कळतंय का?” गुळवणी म्हणाले. “बाकीची प्रत्येक बाब करणाऱ्याला पुन्हा उघडता येते. मृत्यूची येत नाही. तिला परतीची वाटच मी ठेवलेली नाही.”

“का?”

“कोण परत येणार होतं?”

इलियास हसला की रडला ते शिरस्त्राणात कळलं नाही.

“मग नंतर वाट करा,” सुगंधा म्हणाली. “प्रणाली तुमचीच आहे.”

“साक्षीत केलेल्या कुठल्याही दुरुस्तीवर मुख्य निरीक्षकाचा पंजा लागतो.”

“म्हणजे माझा.”

“म्हणजे तुमचा. नवा मुख्य निरीक्षक पुढच्या यानाने येईल. सात महिने.”

“येऊ दे. ऊन किती राहिलं रे?”

“सहा मिनिटं,” इलियास म्हणाला.

आता पावलं वाजली. दार. मग गुळवणींच्या श्वासाचा आवाज.

“ती विचारते आहे,” ते म्हणाले. “आपण स्वतः पाहिले का, असं विचारते आहे. ते वाक्य मीच लिहिलं होतं.” “सुगंधाबाई, मी आयुष्यात एकही खूण केलेली नाही. पहिलीच करायची, ती खोटी?”

“पाहिलं म्हणा, सर. आम्ही रोज म्हणत होतो, परत आलो म्हणून.”

बाब ० : निरीक्षक सुगंधा खोत, मृत्यू. — पूर्ण

*साक्षीदार : हेरंब गुळवणी. मृताने पूर्ण केलेल्या, अद्याप फेरतपासणी न झालेल्या दोनशे सहा बाबी उघडण्यात येत आहेत.*

बाब १४ — अपूर्ण

गुळवणी निद्रादालनाच्या खिडकीशी धावले आणि मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. झाकणं ओळीने मिटत होती. नऊ, दहा. अकरावं अडखळलं आणि मिटलं. सुगंधाने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ती प्रत्येक आकडा त्यांच्यामागून म्हणत होती, शाळेतल्या पाढ्यासारखा.

“एकोणीस,” गुळवणी म्हणाले.

ती तिथेच थांबली. पुढचे आकडे तिने ऐकले नाहीत.

अडतीस झाले, परिचारक बाहेर पडले, दालनाचं दार मिटलं. त्यानंतर तीन मिनिटांनी ऊन सांध्याला लागलं. काही ऐकू आलं नाही. पांढरी मिशी एकदम झाडासारखी फुटली, लांबच लांब, उन्हात चमकत, आणि दालनातली सगळी हवा तिच्यातून वर गेली. जमिनीवर बारीक बर्फ पडत राहिला. इलियासने तो हातावर झेलला आणि झटकून टाकला.

“चला अक्का,” तो म्हणाला. “मेलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही. मी चालवतो.”

परतताना तो तिला सारखं काहीबाही सांगत होता. सात महिने तिला कुणी काम सांगू शकणार नाही. जेवणाच्या रांगेत तिला नंबर नाही, पण तो आपल्या ताटातलं देईल, वांगं सोडून. लेक उठली की तिला आधी काय सांगायचं ते नीट ठरवून ठेवा म्हणाला, नाहीतर पोरगी घाबरायची. सुगंधा मध्येच हसली.

बाब ३१ — अपूर्ण

दाबकोठीचं बाहेरचं दार मिटलं. हवा भरली. सुगंधाने शिरस्त्राण काढलं आणि खोल श्वास सोडला.

भिंतीवर संवेदकांचे दिवे होते, नऊ, हिरवे. त्यांतला एक पिवळा झाला.

इलियासने आधी लक्ष दिलं नाही. सुगंधाने दुसरा श्वास सोडला, तिसरा. दिवा विझला. तो श्वास मोजणारा संवेदक होता. मग ऊब मोजणाऱ्याचा दिवा पिवळा झाला आणि विझला. मग जमिनीखालच्या वजनकाट्याचा. साक्षीने पाटीवर लिहिलं, *दाबकोठीत एक जण. जादा श्वास, जादा ऊब, जादा वजन. संवेदक सदोष.*

“सुगंधाबाई,” गुळवणींचा आवाज आला, “जिथे आहात तिथेच उभ्या राहा. आतलं दार उघडू नका.”

“का?”

त्यांनी दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं सांगितलं. श्वास मोजणारा जो संवेदक, तोच हवा विटली की कळवतो. ऊब मोजणारा जो, तोच आग ओळखतो. त्यांनी जिवंत सुगंधाला पाहिलं की ते मृत्यूच्या नोंदीच्या उलट बोलणार. तीनदा बोलले की मौनात जाणार. आणि नवा मुख्य निरीक्षक येईपर्यंत ही नोंद उघडणार नाही, म्हणून ते मौनही सुटणार नाही. ती ज्या खोलीत पाच मिनिटं बसेल, ती खोली आंधळी होईल. जेवणघर, झोपायच्या खोल्या, पाण्याची टाकी. दोनशे बारा माणसं आणि अडतीस.

“पेट्या कुठे हलवल्या?” सुगंधाने विचारलं.

“रुग्णकक्षात. पोशाख घालून माणसांनी ओढत नेल्या.”

“तिथे...”

“पेटीतला प्रत्येक संवेदक श्वास मोजूनच जागवणूक चालवतो. तुम्ही तिच्या पेटीशी उभ्या राहिलात तर,” ते म्हणाले, “तीन श्वास.”

इलियासने आतल्या दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला.

सुगंधा भिंतीशी खाली बसली. बसल्याबसल्या तिने तोंडावर हात धरला. रडू दाबायला नव्हे, श्वास दाबायला. अजून सहा दिवे हिरवे होते आणि ती त्यांच्याकडे, चोरी पकडली गेल्यासारखी, बघत होती.

“जुनं भुयार आहे,” ती बोटांआडून म्हणाली. “साक्षीच्या आधीचं. तिथे संवेदकच नाहीत.”

“हवा नाही तिथे, अक्का.”

“नळकांडी न्यायची. आपण खणलंय ते, मला माहितीय, दार धड आहे. मीच तपासलंय.” मग तिला आठवलं. “ती बाबसुद्धा आता उघडी असेल. तू तपास. नीट तपास.”

तिने शिरस्त्राण पुन्हा चढवलं. भुयाराचा रस्ता बाहेरूनच होता.

बाब ३१ — अपूर्ण

अकराव्या दिवशी केतकी बोलली.

नुकत्या जागवलेल्या माणसाला सहा महिने पोशाख घालता येत नाही, म्हणून ती भुयाराकडे येऊ शकणार नव्हती. पण साधा रेडिओ साक्षीच्या ताब्यात नव्हता. साक्षीत त्याची कधीच नोंद झालेली नव्हती. इलियासने एक यंत्र रुग्णकक्षात ठेवलं होतं, एक भुयारात. मध्ये दगड होता, त्यामुळे आवाज खरखरत येत होता.

“आई? इथे पाटीवर लिहिलंय की तू...”

“माहितीय. मीच लिहायला लावलं.”

“मग तू कोण बोलतेस?” आवाज झोपेतला, जड, आणि पार मोठ्या बाईचा होता. सुगंधाला तो ओळखू आला नाही. पोर समोर असती तर अंगठा तरी बघता आला असता.

“अंगठा मुठीत आहे का ग?” तिने विचारलं.

खरखर. मग पलीकडून एक हुंदका आला आणि लांबला. सुगंधाने यंत्र कानाला इतकं दाबून धरलं की कानाला वळ उठला. बऱ्याच वेळाने केतकीने विचारलं, कधी येतेस?

सुगंधाच्या तोंडात ‘येते’ आलं होतं. सहा वर्षं, रोज, ओठांवर असलेलं. तिने ते गिळलं.

“आले की सांगेन,” ती म्हणाली.

इलियास रोज हवेचं नळकांडं आणि डबा घेऊन भुयारात येई. निघताना तो आता काहीच म्हणत नसे, नुसता हात वर करी. रोज नव्या फेरीची नवी यादी सुरू होई आणि आत परतल्यावर, दाबकोठीत उभा राहून, माणसं डोळ्यांनी मोजून तो तिची शेवटची ओळ पूर्ण करी. पण त्या एका दिवसाची यादी तशीच लोंबकळत होती. साक्षी त्याला रोज आठवण करी : *त्या फेरीत दोघे गेले. एक जण परतला. दुसरी व्यक्ती आत मृत आहे. सर्व जण आत आहेत. खूण करावी.*

हिशेब चोख होता. गुळवणी एकदा म्हणाले होते, करून टाक, यादी बंद होईल, रोजचा तगादा तरी थांबेल. इलियास पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला होता. मग त्याने हात मागे बांधले होते.

सगळ्या साक्षीत, बाकीच्या दोनशे पाच बाबी पुन्हा तपासून हिरव्या झाल्यावर, सुगंधा खोत जिवंत असल्याचं सांगणारी एवढी एकच जागा उरली होती.

बाब ३१ : सर्व जण आत परतले. — अपूर्ण